सासुके : पहिल्या नंबरचा एकटा मुलगा

आठवीच्या मराठीच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने एक डोळा काढलेला दिसला. बुबुळ लालभडक आणि त्यात स्वल्पविरामासारख्या तीन काळ्या खुणा. वही होती वर्गात नेहमी पहिल्या-दुसऱ्या नंबरात येणाऱ्या मुलाची. अक्षर सुंदर, शुद्धलेखन नीट, वर्गात कधी आवाज नाही. त्याला जवळ बोलावून विचारले, "हे काय रे?"

तो आधी घाबरला. मग हळूच म्हणाला, "मिस, सासुकेचा डोळा आहे. नारुतोमधला."

मागून कुणीतरी ओरडले, "मिस, तो व्हिलन आहे!"

मुलाने मान खाली घातली आणि पुटपुटला, "व्हिलन नाही. त्याला कुणी खरं सांगितलंच नव्हतं."

हे वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आले. घरी माझ्या धाकट्याला विचारले, तर त्याला सगळी कथा पाठ! आता तर ती मालिका हिंदीतही ऐकायला मिळते. त्या उन्हाळी सुटीत मी त्याच्याजवळ बसून ती पाहिली, काही खंड वाचलेही. कार्टून म्हणून ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो, त्यात एका यतीम मुलाची इतकी सविस्तर कहाणी असेल असे वाटले नव्हते. तीच आज पालकांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगावीशी वाटते.

कथा कुणाची, कुणी लिहिली

जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात. मासाशी किशिमोतो या चित्रकाराची 'नारुतो' ही मांगा १९९९ साली 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात सुरू झाली आणि २०१४ साली संपली. पंधरा वर्षे, ७०० प्रकरणे, पुस्तकरूपात ७२ खंड. २००२पासून तिची टीव्ही मालिकाही निघाली. ज्या साप्ताहिकात ती छापून येत होती, त्याचे तीन शब्दांचे ब्रीद प्रसिद्ध आहे: मैत्री, मेहनत, विजय. तिथल्या बहुतेक कथांत एक धडपडा नायक असतो आणि त्याच्यासमोर एक हुशार, अबोल प्रतिस्पर्धी. नारुतो हा नायक आणि सासुके उचिहा हा त्याचा प्रतिस्पर्धी.

जपानमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुलांसाठी स्वस्त छोटी पुस्तके निघत. त्यांत सारुतोबी सासुके नावाचा एक काल्पनिक निंजा फार गाजला होता. त्याच्यावरून हे नाव आले. 'उचिहा' हे घराण्याचे नाव 'उचिवा' म्हणजे जपानी हातपंखा या शब्दाशी जुळते आणि या घराण्याच्या कपड्यांवर लाल-पांढऱ्या पंख्याचेच चिन्ह असते. पंख्याने विस्तव फुलतो. उचिहांची खास विद्याही आगीचीच.

कथा घडते एका काल्पनिक गावात. त्या गावात मुलांना निंजाचे, म्हणजे गुप्तपणे काम करणाऱ्या योद्ध्याचे, शिक्षण देणारी शाळा आहे. नारुतो आणि सासुके एकाच वर्गात. नारुतो वर्गात शेवटचा, सासुके पहिला. दोघांनाही आईवडील नाहीत.

"भावासारखा हो"

सासुकेचे घर आधी भरलेले होते. वडील फुगाकू घराण्याचे प्रमुख, कडक आणि अबोल. आई मिकोतो प्रेमळ. थोरला भाऊ इताची पाच वर्षांनी मोठा आणि असामान्य बुद्धीचा. सासुकेचा त्याच्यावर अतोनात जीव. तो सारखा मागे लागे, "भाईजान, मला शिकवा." इताची त्याला जवळ बोलावी, दोन बोटांनी कपाळावर टिचकी मारी आणि माफी मागून म्हणे, पुढच्या वेळी. ही पुढची वेळ सहसा येत नसे.

वडिलांचे वागणे तर आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. सासुके शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन येतो. सगळ्या विषयांत उत्तम शेरे. वडील ते पाहतात आणि सांगतात, असाच अभ्यास कर, भावासारखा हो. मुलाचा चेहरा पडतो. कौतुक झाले खरे, पण त्यातही भावाचेच नाव.

मग वडील त्याला आगीचा लोळ फेकण्याची घराण्याची विद्या शिकवतात. पहिल्या प्रयत्नात जेमतेम छोटीशी ज्वाळा निघते. वडील पाठ फिरवून निघून जातात. पुढचे कित्येक दिवस हा लहानगा तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर एकटाच सराव करतो. ओठांच्या कडेला भाजल्याच्या खुणा पडतात. शेवटी आगीचा मोठा गोळा तळ्यावर उसळतो आणि वडील पहिल्यांदाच म्हणतात की शोभतोस खरा माझा मुलगा. सासुकेच्या आयुष्यातला तो सर्वात आनंदाचा दिवस.

यातली मला सर्वाधिक लागलेली गोष्ट आई सांगते. अब्बांचे लक्ष फक्त भाईजानकडे असते असे मुलाला वाटते. तेव्हा आई समजावते की आम्ही दोघेच असलो की तुझे वडील तुझ्याबद्दलच बोलतात. म्हणजे प्रेम होते. फक्त ते मुलाच्या समोर कधी बोलले गेले नाही. त्याच्या कानावर आले ते आईच्या तोंडून.

ती रात्र

सासुके सात-आठ वर्षांचा असताना एका संध्याकाळी सरावावरून उशिरा घरी येतो. उचिहांच्या मोहल्ल्यात दिवे नाहीत. रस्त्यावर नातेवाईक मरून पडलेले. घरात आईवडील निष्प्राण आणि त्यांच्याजवळ उभा इताची. सगळ्या घराण्याला त्यानेच मारलेले असते. तो लहान भावाला जिवंत सोडतो आणि सांगतो की माझा द्वेष कर, कसाही जिवंत राहा आणि ताकद आली की माझ्यासमोर ये.

इताची स्वतः तेव्हा फक्त तेरा वर्षांचा होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

यापुढे सासुकेच्या आयुष्याला एकच हेतू उरतो. बाराव्या वर्षी नवे शिक्षक काकाशी मुलांना आवडीनिवडी आणि स्वप्ने विचारतात, तेव्हा तो सांगतो की मला आवडणारे असे फारसे काही नाही. आपले घराणे पुन्हा उभे करायचे आहे आणि एका माणसाला मारायचे आहे. काकाशींना याचा अंदाज असतो. ते ऐकून घेतात आणि तास पुढे सुरू होतो.

दोन यतीम, एक शिक्षक

इथे नारुतोकडे पाहायला हवे. त्याच्या जन्माच्या वेळी एका राक्षसी कोल्ह्याने गावावर हल्ला केला होता आणि त्या कोल्ह्याला या तान्ह्या बाळाच्या शरीरात बंद करण्यात आले होते. त्यामुळे गाव त्याला टाळते. तो खोड्या करतो, भिंती रंगवतो, नापास होतो. पण त्याला इरुका नावाचे शिक्षक मिळतात. इरुकांचे स्वतःचे आईवडील त्याच कोल्ह्याच्या हल्ल्यात गेलेले. तरी ते या मुलाला नूडल्सच्या दुकानात घेऊन जातात, रागावतात आणि वेळ आल्यावर त्याच्या अंगावर येणारे शस्त्र स्वतःच्या पाठीवर झेलतात. पास झाल्याची खूण म्हणून आपल्या कपाळावरची पट्टी काढून त्याच्या कपाळावर बांधतात.

सासुकेला असे कुणी मिळत नाही. कारण तो त्रास देत नाही. तो पहिला येतो, मुली त्याच्यावर खूश असतात, शिक्षक त्याच्या हुशारीचे कौतुक करतात. संध्याकाळी तो त्याच तळ्याच्या धक्क्यावर एकटा बसतो. नारुतो त्या वाटेने जाताना त्याला पाहतो. दोघेही एकमेकांकडे रागाने बघून तोंड फिरवतात आणि मग दुसऱ्याच्या नकळत किंचित हसतात. त्या दोन लहान मुलांना जे समजले, ते गावातल्या एकाही मोठ्या माणसाला समजले नाही.

आपल्या वर्गांतही हेच होते. दंगा करणाऱ्या मुलाच्या घरी आपण निरोप पाठवतो, त्याच्या अम्मीला बोलावतो, समजावतो. गप्प बसून नव्वद टक्के आणणाऱ्याच्या घरी कोण निरोप पाठवतो?

सासुकेत माया नव्हती असे नाही. काकाशींच्या पहिल्या परीक्षेत नारुतोला खांबाला बांधून उपाशी ठेवले जाते आणि इतरांना त्याला खायला देण्याची मनाई असते. आपला डबा सर्वात आधी पुढे करतो तो सासुके. कारण मात्र देतो की हा उपाशी राहिला तर आपल्यालाच अडचण. पुढे एका पुलावरच्या लढाईत नारुतोवर सुयांचा मारा होतो, तेव्हा सासुके मध्ये उभा राहून सगळ्या सुया आपल्या अंगात घेतो. का केलेस, असे विचारल्यावर म्हणतो की शरीर आपोआप हलले. भावाला मारेपर्यंत मरायचे नाही अशी कसम घेतलेला मुलगा एका क्षणात ती कसम विसरला होता.

वाट कुठे चुकली

मग त्याचा हेवा जागा होतो. शेवटचा नंबर असलेला नारुतो भराभर पुढे जाऊ लागतो. इताची परत येतो आणि सासुके त्याच्यासमोर अगदीच दुबळा ठरतो. ओरोचिमारू नावाचा दुष्ट गुरू त्याच्या मानेवर आधीच एक शापित खूण उमटवून गेलेला असतो. माझ्याकडे ये, मी तुला ताकद देतो, हे त्याचे आमिष.

काकाशींना धोका कळतो. ते सासुकेला झाडाला बांधून बसवतात आणि बदल्याचा नाद सोडायला सांगतात. सासुके चिडून विचारतो, तुमच्या सगळ्या प्रिय माणसांना मी मारले तर तुम्हाला कळेल का माझे दुःख? काकाशी शांतपणे उत्तर देतात की माझी तशी सगळी माणसे केव्हाच मारली गेली आहेत. मुलगा गप्प होतो. दगडाला पाझर फुटतोय असे वाटते. पण काकाशींना तातडीचे काम येते आणि ते निघून जातात. त्यानंतर लगेच ओरोचिमारूची माणसे तिथे पोहोचतात.

हा प्रसंग पाहताना मी अस्वस्थ झाले. काकाशी चुकीचे काही बोलले नाहीत. नसीहत उत्तम होती. पण ती एकदाच झाली, खूप उशिरा झाली आणि त्यानंतर मुलाजवळ बसायला कुणी नव्हते.

त्या रात्री सासुके गाव सोडतो. वाटेत वर्गमैत्रीण साकुरा त्याला रडून अडवते. तो तिचे आभार मानतो, तिला बेशुद्ध करतो आणि बाकावर निजवून निघून जातो. पाठलागाला पाच मुले जातात, त्यांत नारुतो. एका धबधब्याजवळ दोघांची लढाई होते. सासुके जिंकतो, पण मित्राचा जीव घेत नाही.

सत्य कळल्यावर

सुमारे तीन वर्षांनी तो इताचीला गाठतो. लढाईत इताची मरतो. मरता मरता हसून भावाच्या कपाळाला पुन्हा तीच दोन बोटे लावतो. आणि मग सासुकेला सत्य कळते.

कोल्ह्याच्या हल्ल्यानंतर गावातल्या वरिष्ठांना उचिहा घराण्यावर संशय होता. पुरावा नव्हता, तरी सगळ्या घराण्याला गावाच्या एका कडेला वस्ती करायला लावले गेले, पाळत ठेवली गेली. अपमान साठत गेला आणि घराण्यातल्या मोठ्यांनी सत्ता उलथवण्याचा बेत रचला. दानझो नावाच्या अधिकाऱ्याने कोवळ्या इताचीसमोर पेच टाकला: यादवी झाली तर सगळे मरतील, लहान भाऊसुद्धा, तूच आपल्या घराण्याला संपवलेस तर भाऊ वाचेल. इताचीने भावाला निवडले आणि आयुष्यभर खुनी म्हणवून घेतले. भावाने गावावर नाही, आपल्यावर राग धरावा म्हणून त्याने ते खोटे उभे केले होते.

हे कळल्यावर सासुके सुधारला नाही, उलट जास्त बिघडला. आता त्याचा राग साऱ्या गावावर वळला. दानझोला मारताना त्याने दानझोच्या तावडीत सापडलेल्या आपल्याच सोबतिणीच्या, कारिनच्या, शरीरातून वार केला. ज्या साकुराने त्याच्यासाठी अश्रू ढाळले होते, तिच्यावरही हात उचलला. किशिमोतो इथे काही लपवत नाही. बदल्याच्या वाटेवर निघालेल्या माणसाच्या हातून आधी आपलीच माणसे जखमी होतात, हे तो स्पष्ट दाखवतो. सासुकेची कीव येते, पण त्याचे कृत्य बरोबर वाटत नाही. मुलांना हा फरक समजतो. आपण समजावला तर जास्त नीट समजतो.

त्या लाल डोळ्याचा उलगडाही पुढे होतो. गावाचा एक जुना प्रमुख सासुकेला सांगतो की उचिहांइतके उत्कट प्रेम दुसरे कुणी करत नाही. ते प्रेम हरवले की त्यांचे दुःख डोळ्यांत उतरते, डोळ्यांना ताकद देते आणि माणसाला द्वेषाकडे नेते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने वहीत काढलेला तो डोळा शस्त्र तर होताच, पण ते कुणाला तरी गमावल्याचे चिन्हही होते.

टिचकीऐवजी कपाळाला कपाळ

कथेतल्या एका विद्येमुळे इताचीची आणि सासुकेची मृत्यूनंतरही एकदा भेट होते. यावेळी थोरला भाऊ काही लपवत नाही. तो कबूल करतो की मी तुला नेहमी लांब ठेवले. पहिल्यापासून तुझ्या डोळ्यांत डोळे घालून खरे सांगितले असते, तर कदाचित तूच अब्बा-अम्मींना बदलू शकला असतास. आता तू काहीही ठरव, माझे प्रेम कायम राहील. आणि टिचकी मारण्याऐवजी तो भावाच्या कपाळाला आपले कपाळ टेकवतो.

आपल्या घरांत मुलांपासून किती गोष्टी लपवल्या जातात! वडिलांचे आजारपण, धंद्यातले कर्ज, भावांमधली फूट, तलाक. मुलांना त्रास नको, हा आपला हेतू चांगलाच असतो. इताचीचाही चांगलाच होता. पण मुलाला काहीतरी बिनसले आहे हे कळतेच, आणि मोकळ्या जागी तो स्वतःची कहाणी भरतो. तिच्यात कुणीतरी गुन्हेगार असतो. कधी अब्बा, कधी अम्मी, कधी तो स्वतः. वयाला झेपेल एवढे सत्य, आपल्याच माणसाच्या तोंडून, वेळेवर कळणे हा मुलाचा हक्क आहे.

शेवटी नारुतो आणि सासुके त्याच धबधब्याजवळ पुन्हा लढतात. दोघेही एकेक हात गमावतात आणि शेजारी शेजारी पडून राहतात. उठायची ताकद नाही, म्हणून अखेर बोलणे होते. माझी एवढी काळजी का, असे सासुके विचारतो. नारुतोचे उत्तर साधे असते: तू माझा दोस्त आहेस, तुला त्रास होतो तेव्हा मलाही होतो. सासुके हार मान्य करतो. साकुराची माफी मागतो.

त्याला माफी मिळते, पण लेखक तिथेच सगळे गोड करून टाकत नाही. गमावलेल्या हातांच्या जागी दोघांसाठी नवे हात तयार होत असतात. नारुतो तो लावून घेतो. सासुके घेत नाही. तो एका हाताने गावाबाहेर पडतो, आपल्या हातून जे घडले त्या डोळ्यांनी जग पुन्हा पाहायला. निघताना साकुराच्या कपाळाला दोन बोटे लावतो. भावाची खूण आता त्याच्या हातात आली आहे.

माझ्या वर्गातला मुलगा

पालकहो, या मालिकेत मारामारी आणि रक्त बरेच आहे. लहान मुलांना एकट्याने पाहू देऊ नका. थोड्या मोठ्यांसोबत मात्र स्वतः बसा आणि कोण आवडतो, का आवडतो, हे विचारा. चेष्टा करू नका. शिक्षकांना मी एवढेच सांगेन की वर्गातल्या पहिल्या नंबरालाही महिन्यातून एकदा तरी अभ्यास सोडून काहीतरी विचारा.

हे सांगण्याचा हक्क मला उशिराच मिळाला. त्या मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, हे मला हजेरीपटावरून माहीत होते. तरी दोन्ही वर्षे मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'शांत, हुशार, समंजस' असा एकच शेरा लिहीत आले. तो शांत का झाला, हे कधी विचारले नाही.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याला वह्या उचलायला म्हणून स्टाफरूममध्ये सोबत घेतले. "घरी सगळं कसं आहे?" विचारले, तर "ठीक आहे, मिस." दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर वह्या उचलून झाल्या. मग एक दिवस मीच म्हटले, "मी नारुतो शेवटपर्यंत पाहिलं."

तो थांबला. "खरंच, मिस? मग सांगा, त्याने नवा हात का नाही लावला?"

मी म्हटले, "मला वाटतं, त्याला आपली चूक विसरायची नव्हती. तुला काय वाटतं?"

त्याने वह्या टेबलावर ठेवल्या. थोडा विचार केला आणि बोलू लागला. सासुकेपासून सुरुवात झाली, नंतर त्याचे अब्बा आले, मग अम्मी, मग घर. मधल्या सुटीची घंटा झाली, संपल्याचीही झाली. पुढच्या तासाला मी दहा मिनिटे उशिरा गेले.